आधी नोंद, मग झडती

फायनल इयरच्या प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने विषय घेतला तो मेसच्या खाड्याचा. खाडा आदल्या रात्री दहाच्या आत सांगायचा, हा नियम. पण वहीत नाव होतं की नव्हतं यावरून दर महिन्याच्या बिलाला भांडण ठरलेलं. लातूरच्या अडतीवर सोयाबीनची पट्टी झाली तरच ज्याच्या घरून पैसे येतात, त्याला आठ दिवसांचे खाडे म्हणजे गंमत नसते.

म्हणून खाडा मोबाईलवरून टाकायचा असं ठरलं. सर्व्हर जुना, त्यामुळं २०१२ साली आलेली एएसपी डॉट नेट वेब एपीआय घेतली. यात विनंती थेट कंट्रोलरकडं जात नाही. वाटेत हँडलरची साखळी असते. आपला हँडलर घालायचा तर डेलिगेटिंगहँडलरवरून नवा क्लास काढायचा, त्यातलं सेंडअसिंक आपल्या पद्धतीनं लिहायचं आणि मेसेजहँडलर्सच्या यादीत जोडायचं.

डोक्यात शिरत नसेल तर एकदा सचखंड गुरुद्वाऱ्यात जाऊन या. जोडाघरात चप्पल द्या, पाय धुवा, डोकं झाका, मग दर्शन. परतताना चप्पल सगळ्यात शेवटी. हँडलरचंही तसंच: यादीत जो पहिला, त्याच्याकडं विनंती आधी येते आणि उत्तर शेवटी. डोकं उघडं दिसलं की सेवादार दारातच थांबवतात. तसा ओळख तपासणारा हँडलर विनंती पुढं न देता ४०१ सांगून परत पाठवतो.

आमचे हँडलर दोन: एक नोंदीचा, एक ओळखीचा. आधी कोण, यावर रात्रभर वाद. मित्र म्हणे, "अनोळखी माणसाची नोंद कशाला ठेवायलास? लॉग उगीच फुगतंय." मुद्दा खरा होता. पण एखाद्या पोराने नऊ पन्नासला खाडा टाकला आणि टोकनची मुदत संपल्यामुळं तो दारातच अडला, तर? झडती आधी असेल तर तो आला होता याला पुरावाच नाही. म्हणजे पुन्हा वहीचंच राज्य!

शेवटी नोंद बाहेर, झडती आत. जाताना वेळ आणि मेस नंबर लिहायचा, येताना उत्तर. नोंद म्हणजे मंजुरी नव्हे, आणि पासवर्ड किंवा टोकन लॉगमध्ये लिहायचं नाही, हेही ठरलं.

२०१६ साली आलेल्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये याच कामाला मिडलवेअर आहे. नाव बदललं, रांगेचा प्रश्न तोच. तेव्हा ज्युनिअर मंडळींनो, व्हायवाला "हाच क्रम का?" असं विचारलं तर व्याख्या सांगत बसू नका. नाकारलेल्या माणसाची नोंद कुठं राहते, ते सांगा.