सायकलचं वय विचारताना

इटलीतल्या टस्कनीत गायोले इन कियांती नावाचं टुमदार गाव आहे. १९९७मध्ये इथे ‘लेरोइका’ ही जुन्या रेसिंग सायकलींची राइड सुरू झाली. राइडच्या वेळी जुन्या सायकलींचा बाजारही भरतो. तिथे एका आजोबांनी लाल स्टीलची सायकल दाखवली. म्हणाले, ‘१९७४ची, मी नवीकोरी घेतलेली.’

मी वाकून बघितलं. मागच्या कॅम्पान्योलो डिरेलरवर ठसा होता, ‘पेटंट ७९’. झालं! आजोबा चक्क थापा मारतायत?

पण डिरेलर काय, नंतरही बदलता येतो. मग क्रँकची आतली बाजू पुसली. शंकरपाळ्याच्या आकारात ‘४’. कॅम्पान्योलोच्या खुणांमध्ये शंकरपाळं म्हणजे सत्तरचं दशक, आकडा म्हणजे साल. १९७४! मी मनातल्या मनात आजोबांना सॉरी म्हटलं.