टॅपेटची जवारी

रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. काचा खाली केल्या आणि शेजारच्या दगडी भिंतीवरून माझ्याच गाडीचा आवाज मला परत ऐकू आला. उकळी फुटल्यावर पातेल्यावरचं झाकण थरथरतं तसा, पातळ पत्र्याचा. ॲक्सिलरेटरवर किंचित पाय ठेवला, की गप्प. पाय काढला, की पुन्हा सुरू. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागच्यानं हॉर्न दिला. मला मात्र तिथून हलावंसं वाटेना.

उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला तेरा. त्या गतीत प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो आणि मिटतो. कान दिला तर ती टकटक जवळजवळ मोजता येते. गाडी पळायला लागली, की वारा, टायर, रस्ता हे सगळे बोलायला लागतात आणि इंजिनाचं म्हणणं त्यात बुडून जातं. म्हणून इंजिनाची तब्येत ऐकायची ती गाडी उभी असताना.

हे मला मिरजेत कळलं. वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणायचे. तिचे मिस्त्री होते एक चाचा. गाडी दारात आली तरी ते उठून बोनेट उघडत नसत. आधी पोराला हातातला हातोडा खाली ठेवायला सांगत, रेडिओ बंद करायला लावत, वडिलांना म्हणत, ‘‘साहेब, चालू ठेवा. रेस देऊ नका.’’ मग हात पुसत गाडीभोवती एक फेरी. आवाज पुढून येतो, खालून की मागून, हे त्या फेरीतच ठरायचं. त्यानंतर बोनेट उघडायचं आणि लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर बाहेर यायचा. टोक टॅपेट कव्हरवर, मूठ कानापुढच्या हाडावर, डोळे मिटलेले. एकदा त्यांनी ती मूठ माझ्या कानाशी टेकवली. ‘‘बाळ, ऐक. चार घरं आहेत. कुठल्या घरात भांडण चाललंय सांग.’’ घरं म्हणजे सिलिंडर. मी म्हणालो, तिसऱ्या. त्यांनी मान हलवली आणि लॉकनट सैल केला.

रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे एक फट ठेवतात. तीच टॅपेटची फट. इंजिनागणिक माप बदलतं, पण साधारण आपल्या लिहायच्या कागदाची दोन पानं एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, तेवढीच. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. त्या लांबण्याला जागा लागते. फट जास्त झाली तर टकटक. म्हणून वडील म्हणाले, ‘‘चाचा, आवाज पार जाऊ द्या.’’ चाचांनी फीलर गेजची पात आत सरकवली, ती किंचित अडत बाहेर येईल एवढी फट ठेवली, आणि म्हणाले, ‘‘साहेब, बोलणारा टॅपेट चालेल. मुका नको.’’

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मिटला नाही, की त्याची उष्णता सीटमधून बाहेर जात नाही, आणि तो गुपचूप जळत राहतो. कानाला काहीच कळत नाही.

गॅरेजपासून थोड्या अंतरावर तंबोरे करणारे बसत. पंढरपूरकडून आलेले भोपळे दुकानाबाहेर वाळत पडलेले असत. टॅपेट सेटिंगला वेळ लागला की मी तिकडे जाऊन उभा राही. कारागीर घोडीवर तार ठेवी, खाली दोरा सारी, छेडून बघी, पुन्हा सारी. दोरा एका जागी तारेला मुकी करतो आणि तिथून केसभर सरकला की तीच तार भरून वाजायला लागते. त्या भरून वाजण्याला जवारी म्हणतात. तार घोडीला चिकटूनही चालत नाही, अगदी सुटूनही चालत नाही. माझ्या डोक्यात त्या दोन गल्ल्या कायमच्या एक झाल्या आहेत. मैफलीत तंबोरा जुळवला जात असला, की मला हमखास पेट्रोलचा वास येतो.

माझ्या आताच्या गाडीसाठी दोन गॅरेजांत गेलो. एका ठिकाणी स्कॅनर लावला. काही सापडलं नाही. स्कॅनरला मी नावं ठेवणार नाही. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तर तो नेमका कितवा, हे तो सांगतो. पण थरथरणाऱ्या पत्र्याला सेन्सर नसतो. दुसऱ्यांनी बेल्ट आणि टेन्शनर बदला म्हणून सांगितलं, तेही बोनेट न उघडता. अंदाजानं पार्ट बदलणं मला पटत नाही.

रविवारी सकाळी अंगणात गाडी सुरू केली. एसी लावला, बंद केला; आवाजात फरक नाही, म्हणजे कॉम्प्रेसर नव्हे. क्लच दाबला, सोडला. तसाच, म्हणजे गिअरबॉक्सचं बेअरिंग नव्हे. बेल्टवर पाण्याचे चार थेंब टाकले. बेल्ट कुरकुरत असता तर आवाज बदलला असता. थंड असताना होता, तापल्यावरही होता. मग हात आणि बाही फॅनपासून लांब ठेवून घरातली लांब काठी घेतली आणि एक्झॉस्टवरच्या पत्र्याला, हीट शील्डला, हलकेच टेकवली. आवाज थांबला. काठी काढली, आला. गंजून त्याचा एक बोल्ट सुटला होता. आयडलिंगची थरथर आणि त्या सैल पत्र्याची थरथर नेमकी जुळत होती; रेस दिली की जुळणी मोडायची. इंजिन थंड झाल्यावर स्टीलची क्लिप आवळली. काम झालं.

गॅरेजला जाल तेव्हा नुसतं ‘आवाज येतोय’ म्हणू नका. थंड असताना की तापल्यावर, क्लच दाबून की सोडून, एसीत की एसीविना, रेस दिल्यावर जातो की वाढतो, एवढं लिहून न्या. बिघडलेला सिलिंडर शोधायला जुन्या फियाटच्या काढत तशा प्लगच्या वायरी काढून बघू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. आणि आवाज खालून, खोल, दारावर मूठ आपटल्यासारखा येत असेल, समोर ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर ऐकत थांबू नका. तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या.