एकाच गोळीची दोन नावे



लाज सोडून लिहिते आहे. गेल्या उन्हाळ्यात मला उन्हाळी लागली. लघवीला आग, पाच-पाच मिनिटांनी जावेसे वाटे. चाकणच्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे. संडास लांब, सुपरवायझरला विचारायचा संकोच, म्हणून दिवसभर पाणीच पीत नव्हते.

आळंदीला घरी आल्यावर धने-जिऱ्याचे पाणी घेतले. गुण आला नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. दोन दिवसांत आराम नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. पहिली चिठ्ठी दाखवलीच नाही. त्यांनीही कॅप्सूल लिहून दिल्या. नाव वेगळे, रंग वेगळा. दोन्ही घेतल्या तर लवकर बरे वाटेल, असे मला वाटले. रात्री ओकाऱ्या, चक्कर, आणि लघवी तपकिरी. रक्तच जाते आहे समजून मी रडू लागले.

दहावीतल्या मुलीने दोन्ही पाकिटे वाचली. कंपनीची नावे निराळी, पण औषध एकच: नायट्रोफ्युरँटॉइन. मी दुप्पट खात होते!

सकाळी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी समजावले. फ्युराडँटिन, मार्टिफर, निफ्टास ही सगळी त्याच औषधाची नावे. १९५३ पासून ते वापरात आहे. ते लघवीत उतरून मूत्राशयातले जंतू मारते. लघवीचा तपकिरी रंग औषधाचाच असतो. गोळी जेवणाबरोबर घ्यावी, सांगितलेले दिवस पूर्ण करावे. थंडी-ताप, कुशीत दुखणे असेल तर रोग किडनीपर्यंत पोचलेला असू शकतो. तिथे हे औषध पुरत नाही. किडनी अधू असेल किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. मनाने तर कधीच घेऊ नये.

आपल्या पिंपरीत १९५४ साली एच.ए. कंपनी उभी राहिली, पेनिसिलिन बनू लागले. औषधे बनवायला आपले कामगारांचे हात होते, पण पाकीट वाचायला आम्ही शिकलो नाही. बाबासाहेबांनी शिका म्हटले ते केवळ नोकरीसाठी नव्हे.

आणखी एक. कारखान्यात प्यायचे पाणी आणि स्त्रियांना वेगळे संडास हे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच दिले होते. ती कुणाची मेहेरबानी नाही. आता आम्ही सातजणी पाण्याची बाटली जवळ ठेवतो आणि जायचे असेल तेव्हा सरळ सांगून जातो.

डॉक्टरांकडे जाताना जुनी चिठ्ठी आणि पाकीट बरोबर न्या. वाचता येत नसेल तर लेकीला वाचायला सांगा.