चलथाणला भेटलेला ‘ळ’

सुरत म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे शाळेच्या इतिहासात वाचलेल्या शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्या, आणि दुसरी म्हणजे लग्नाच्या बस्त्यातल्या साड्या. चलथाण मात्र कुणाच्या फारसं कानावर आलेलं नसतं. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेवर उधना सुटलं की थोड्याच वेळात हे स्टेशन येतं. पुढे बारडोली, १९२८ च्या सत्याग्रहाची. आणखी पुढे नवापूर. त्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. सीमेवर वाढलेल्या माणसाला ही वाट परकी वाटत नाही.

चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्या, हवेत मळीचा वास. संकेश्वर-निपाणीकडे असल्यासारखंच वाटतं. ऊसतोडीला डांग, नंदुरबारकडची कुटुंबं येतात. जवळच कडोदऱ्याला कापड रंगवणाऱ्या मिला. सुरतेत उधना, लिंबायत भागांत खानदेशी माणसं इतकी, की भाजी घेताना अहिराणी कानावर पडते.

आमचे दाजी इथल्या साखर धंद्यात नोकरीला, म्हणून माझ्या बहिणीचा संसार इथला. दोन वर्षांपासून आईही तिच्याकडेच असते. आईचं माहेर हुक्केरीकडचं आणि शिक्षण कन्नड शाळेत. आम्ही भावंडं मराठी शाळेत शिकलो आणि भाचा गुजराती शाळेत. त्या घरात तिन्ही भाषा बोलल्या जातात, पण कन्नड वाचणारी एकटी आई. तिच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची वेळ तिनं कॅलेंडरच्या पाठीवर कन्नडात लिहून भिंतीला लावली होती. डॉक्टरांनी गोळी बदलली की बहीण तोंडी सांगणार आणि आई लिहिणार. ती बरोबर लिहिते का, हे तपासणारं घरात कुणीच नव्हतं. याचीच बहिणीला काळजी.

डिसेंबरात मी गेलो, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही कॉम्प्युटरचा क्लास चालवता ना? रविवारी सुरतेत वेब आणि मोबाइलवाल्यांची परिषद आहे, चला.” भाचा इंजिनिअरिंगला आहे. अशा परिषदा पूर्वी बंगळूरकडे भरायच्या. पायथॉन भाषेवर काम करणाऱ्यांची देशातली पहिली परिषद २००९ साली तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत भरली होती. आता कॉलेजची पोरं आपापल्या शहरात त्या भरवतात.

सभागृहात बहुतेक मंडळी पंचविशीच्या आतली. गळ्यात नावाची पट्टी, लॅपटॉपच्या पाठीवर स्टिकर, आणि बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं गुजराती. एका वक्त्यानं नेट नसतानाही चालणारी संकेतस्थळं कशी बनवतात ते सांगितलं. पान पहिल्यांदा उघडलं की ते फोनमध्येच साठवून ठेवायचं, मग रेंज गेली तरी दिसतं. २०१५ साली फ्लिपकार्टनं याच पद्धतीनं आपलं मोबाइलचं संकेतस्थळ आणलं होतं. दुसऱ्यानं एकदाच लिहून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालणारं ॲप दाखवलं.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते लिप्यांवरचं व्याख्यान. बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा भारतीय लिप्यांची मांडणी आपल्याकडच्या ‘इस्की’ या आधीच्या पद्धतीवरून घेतली. प्रत्येक लिपीला १२८ खुर्च्यांची एक रांग दिली. देवनागरी, गुजराती आणि कन्नड या तिन्ही रांगांत ‘क’ बावीसाव्या खुर्चीवर बसतो, आणि ‘ळ’ बावन्नाव्या. मी मनाशी म्हटलं, अरे, हे तर आपल्याच घरातलं! मराठीत केळं, गुजरातीत केळुं, कन्नडात बाळेहण्णू. मराठीत गोळी, गुजरातीतही गोळी, आणि कन्नडात गुळिगे. हिंदीच्या नेहमीच्या लिखाणात ‘ळ’ नसतो, पण या तिन्ही भाषांचं त्याच्यावाचून अडतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं ‘बलू’ नावाचं अक्षरवळण केलं, त्यात गुजरातीचं नाव ‘बलू भाई’ आणि कन्नडचं ‘बलू तम्मा’. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

प्रश्नोत्तरांत मी उठून विचारलं, “एका घरात तीन लिप्या असतील तर तुमच्या ॲपनं काय करावं?” बाई हसून म्हणाल्या, “अक्षरांची सोय कधीच झाली आहे. वाक्यं कार्यक्रमाच्या पोटात न लिहिता वेगळ्या यादीत ठेवा. नवी भाषा म्हणजे फक्त नवी यादी. अडतं ते एवढ्यावरच, की कुणी मागत नाही.”

रात्री चलथाणला परतल्यावर भाचा लॅपटॉप घेऊन बसला. गोळ्यांच्या वेळांचं एक साधं पान केलं. तक्ता एकच, पण आईला कन्नडात दिसणारा आणि बहिणीला मराठीत, म्हणजे बदल केला की दोघींनाही कळावा. गजर फोनच्या घड्याळातच लावला. कन्नड अक्षरं मात्र त्याला येत नव्हती. मग आज्जी शेजारी बसली आणि त्यानं एकेक शब्द तिला विचारून टाइप केला. मथळ्यावर तिच्या गावासाठी त्यानं ‘नम्म हळ्ळी’ लिहायला घेतलं आणि उमटलं ‘नम्म हल्ली’. आई पोट धरून हसली. कन्नडात हळ्ळी म्हणजे गाव आणि हल्ली म्हणजे पाल! “ळ हाक, ळ,” ती म्हणाली. त्यानं बावन्नावी खुर्ची शोधली आणि पालीचं गाव झालं.

आपल्या भागातली कितीतरी मुलं आज पुण्या-बंगळूरला हेच काम करतात. सुट्टीला घरी आली की त्यांना एवढं विचारावं, “तू केलेलं आज्जीला वाचता येईल का?” मागणारं कुणी नाही, ही तक्रार निदान आपल्या घरांपुरती तरी मिटेल.

आई आता रोज सकाळी फोन उघडून तक्ता वाचते. भिंतीवरचा कागद मात्र तिनं काढू दिलेला नाही. आधी फोन बघते, मग कागद, आणि दोन्ही जुळले की मगच गोळी घेते.