गोरेपणाचे मोल

निर्लज्ज माणसाला आपण गेंड्याच्या कातडीचा म्हणतो, आणि अंग राखून वागणाऱ्याला कातडीबचाऊ. भाषेत कातडीच्या वाट्याला अशी दूषणे आली असली, तरी प्रत्यक्षात ती फार नाजूक वस्तू आहे. पापणीवर तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. तळपायावर ती कित्येक पटींनी अधिक असते. या जाडीला किती मोल आहे, हे मला माझ्या नणंदेच्या मुलीमुळे कळले.

लग्न ठरले आणि ‘मुलगी जरा सावळीच आहे’ हे सासरकडचे एक वाक्य तिच्या कानी आले. कुणीतरी सुचविलेले मलम ती गुपचूप लावू लागली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. घरात कौतुक झाले. चार महिन्यांनी ती इंदूरला आमच्याकडे आली, तेव्हा गालांवर तांबड्या रेषांचे जाळे पसरले होते. “मामी, उन्हात पाऊल टाकले की गाल पेटतात,” ती म्हणाली.

त्वचारोगतज्ज्ञांनी मलमाची नळी पाहिली. आत तीव्र स्टेरॉइड होते. ते प्रथम रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून चेहरा फिकट दिसतो. पुढे पेशींची वाढ मंदावते, त्वचेला बळ देणारे कोलॅजन घटते, आणि पातळ झालेल्या त्वचेतून रक्तवाहिन्या दिसू लागतात.

औषध मुळात वाईट नव्हे. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवरील गुण दाखविला, तेव्हापासून इसबाच्या असंख्य रुग्णांना या औषधांनी आराम दिला आहे. पण जागा पाहावी लागते. फेल्डमन आणि मेबाक यांनी १९६७ साली मोजून दाखविले, की हाताच्या तुलनेत हे औषध कपाळातून सहापट आणि जबड्याच्या त्वचेतून तेरापट शोषले जाते. आपल्या देशातील १२ केंद्रांवरील पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडची मलमे लावीत होते. निम्म्याहून अधिक जणांना ती डॉक्टरांनी दिलेलीच नव्हती. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली.

भाचीचे मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटले. मधले काही आठवडे फार दाहाचे गेले. तिने होणाऱ्या नवऱ्याला सारे स्वतःच सांगितले, आणि मांडवात ती आपल्या सावळ्या रंगानेच उभी राहिली. त्वचा बरीच सावरली आहे; काही रेषा मात्र अजून आहेत.

भगिनींनो, घरातील मलमांच्या नळ्या एकदा वाचून पाहा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आढळले, तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे, हे मुलींना समजावून सांगा. ते बरेच दिवस लावले असेल, तर एकाएकी न थांबविता डॉक्टरांना दाखवा. आणि मुलगी सावळी आहे, हे वाक्य कुणी तुमच्या घरात उच्चारलेच, तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्या.