अर्धा चमचा

परवा शनिवारी कपाट आवरताना सोनोग्राफीची जुनी फाईल सापडली. थर्मल पेपरवरचे फोटो पार पुसट झालेत, पण एका पाकिटामागे माझ्या अक्षरात लिहिलेलं गणित अजून दिसतंय: २.० × १.६ × १.५ × ०.५२ = २.५. म्हटलं, चला, या वीकेंडला हेच लिहू.

विसावा आठवडा होता. भूगावातून लवकर निघूनही चांदणी चौकात अडकलो आणि कसेबसे वेळेत कोथरूडला पोचलो. डॉक्टर मॅडम मेंदू, हृदय, मणका असं करत करत बाळाच्या ओटीपोटाशी आल्या आणि थांबल्या. पडद्यावर काळा गोळा. "ब्लॅडर जरा जास्त भरलेलं वाटतंय," म्हणाल्या. लांबी, रुंदी, खोली अशी तीन मापं घेतली. "बाहेर बसा. अर्ध्या तासाने परत बघू."

बास, एवढंच! आता सॉफ्टवेअरवाला माणूस अशा वेळी काय करणार? ही डोळे मिटून बसली आणि मी मोबाईल काढला.

भरलेलं मूत्राशय साधारण अंडाकृती असतं. तिन्ही मापांचा गुणाकार करायचा आणि त्याला ०.५२ ने (म्हणजे पाय भागिले सहा) गुणायचं. उत्तर आलं अडीच मिली. औषधाचा अर्धा चमचा! तेवढ्यासाठी आमचा जीव टांगणीला. बरं, प्रत्येक माप १० टक्के जास्त घेतलं गेलं तर उत्तर ३३ टक्क्यांनी फुगतं. म्हणजे एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

मग कळलं की अर्थ रिकामं होण्यात आहे. सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. बाळ तेच पिऊन परत सोडतं आणि फुप्फुसं नीट वाढायलाही ते पाणी लागतं. मूत्राशय साधारण अर्ध्या-पाऊण तासात भरतं आणि रिकामं होतं. रस्ता अडला तर पिशवी फुगते, मूत्रपिंडांवर दाब येतो, पाणी कमी होतं. आमच्या मेमरी लीकसारखंच. एका क्षणी किती मेमरी वापरली यापेक्षा ती सोडली जाते का, हा प्रश्न.

हे मोजमापही तसं जुनं. १९७३ मध्ये लंडनच्या स्टुअर्ट कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी अशीच मापं घेऊन दिवस भरत आलेलं बाळ तासाला २७-२८ मिली लघवी करतं असं काढलं. पुढे १९८९ मध्ये रॅबिनोविट्झ आणि मंडळींनी दर दोन ते पाच मिनिटांनी मोजलं, तर चाळिसाव्या आठवड्यात आकडा आला ५१. पद्धत बदलली आणि उत्तर जवळपास दुप्पट!

वाचता वाचता एका ओळीवर अडकलो. मूत्रमार्गातल्या पडद्यांमुळे होणारा हा नेहमीचा अडथळा फक्त मुलग्यांमध्ये होतो. माझ्या मनात पटकन आलं, देवा, मुलगी असू दे.

वर बघितलं तर समोरच पाटी: 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' नेमकी उलटी इच्छा बाळगणारे इतके होते की महाराष्ट्राला १९८८ मध्ये, देशात सगळ्यात आधी, त्याविरुद्ध कायदा करावा लागला. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. मॅडम फक्त 'ब्लॅडर' एवढंच का म्हणाल्या, ते तेव्हा लक्षात आलं. त्या आजाराचं नाव घेतलं असतं तर आडून लिंगच सांगितल्यासारखं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटली. मुलगी हवी म्हणून नव्हे, आजार नको म्हणून का होईना, पण त्या बाकावर बसून मीसुद्धा तेच करत होतो. बाळाला बघायच्या आधी ते कोण असावं ते ठरवत होतो.

अर्ध्या तासाने पुन्हा आत. मॅडमनी प्रोब फिरवला. तो काळा गोळा गायब! जेमतेम एक बारीक ठिपका. "केली हो शू," म्हणाल्या आणि पुढे मूत्रपिंडं बघायला लागल्या. ती व्यवस्थित होती, पाणीही पुरेसं होतं. ही हसली आणि मग रडली. मी खिशातल्या पेनाने पाकिटामागे ते गणित लिहून ठेवलं. का, कुणास ठाऊक.

असो. ते लेकरू आता शाळेत जातं. चांदणी चौकात गाडी अडकली की मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, "बाबा, शू आली!" ही वैतागते. मी मात्र कधीच नाही :)