मोठ्या माणसांचा एडीएचडी : गोळीनंतर उरणारं काम

एक रिपोर्ट नऊ दिवस माझ्या टेबलावर प्रिस्क्रिप्शनच्या पॅडखाली पडून होता. कळमनुरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा. वय साठीच्या पुढे, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून वेदनाशामक गोळ्या आणून रोज खाणारे. मला शंका आली म्हणून मी क्रिएटिनिन तपासायला सांगितलं होतं. रिपोर्ट संध्याकाळी आला. त्याच वेळी विंचू चावलेल्या मुलाला घेऊन चार माणसं आत शिरली, मी कागद पॅडखाली सरकवला आणि तो माझ्या डोक्यातून साफ पुसला गेला. नवव्या दिवशी दुसरंच काही शोधताना सापडला. क्रिएटिनिन २.४. म्हणजे मूत्रपिंडावर चांगलाच ताण, आणि हे गृहस्थ नऊ दिवस तीच गोळी खात बसलेले.

फोन करून त्यांना बोलावून घेतलं, गोळी बंद केली आणि चूक कुणाची तेही सांगितलं. महिनाभरात आकडा १.५ वर आला, हे आमच्या दोघांचं नशीब. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, माझ्या पोराचं बी असंच हाय. मोटर चालू करतो अन् इसरून गावात जातो." त्या पोराबद्दल पुढे लिहितोच. (दोघांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तो रिपोर्ट आला त्या दिवशी सकाळची गोळी मी घेतलेली होती. मला एडीएचडी आहे, हे कळून तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.

ते कळलं मुलामुळे. तो सातवीत होता, शाळेतून तक्रारी यायच्या, म्हणून त्याला नांदेडला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी मुलाची सगळी माहिती घेतली आणि शेवटी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का?" मी "नाही" म्हणायच्या आत बायकोने माझ्याकडे पाहिलं. हा विकार घराण्यात चालतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून त्यातला फार मोठा वाटा आनुवंशिक असल्याचं दिसतं. त्यामुळे मुलाचं निदान होताना बापाचं किंवा आईचं होणं, ही आमच्या व्यवसायात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मला ती लागायला चव्वेचाळीस वर्षं लागली, एवढंच.

तज्ज्ञांनी माझं लहानपण विचारलं. मी म्हटलं, तसं काही विशेष नव्हतं. मग बहिणीला फोन लावला, तर तिने अर्धा तास सांगितलं. एकदा वडिलांची सायकल घेऊन मी मोंढ्यात गेलो आणि सायकल तिथेच ठेवून पायी घरी आलो. वडील आयुष्यभर सांगायचे, ह्याचं डोकं मोंढ्यात राहतं. प्रगतिपुस्तकांवर दरवर्षी एकच शेरा: हुशार आहे, पण लक्ष नाही. ही जुनी पुस्तकं आईने जपून ठेवली होती. त्यांच्यावर अजून परभणी जिल्ह्याचं नाव आहे, कारण आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला.

हे लहानपण उकरायचं कारण आहे. एडीएचडी चाळिशीत नव्याने होत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. मोठ्या माणसात दोनपैकी एका गटातली, म्हणजे लक्ष न लागण्याची किंवा चंचलतेची, निदान पाच लक्षणं हवीत आणि त्यांनी घर, काम, नाती अशा एकाहून जास्त ठिकाणी अडचण केलेली हवी. गेल्या दोन वर्षांतच विसरायला लागलं असेल, तर आधी थायरॉईड, बी-१२, रक्ताचं प्रमाण, झोपेतला घोर आणि श्वास अडकणं, नैराश्य, दारू यांच्याकडे पाहायचं. माझ्याकडे "मलाही एडीएचडी आहे वाटतं" म्हणून आलेल्या तिघांपैकी एकाला प्रत्यक्षात बी-१२ ची मोठी कमतरता होती.

मोठेपणी धावपळ, उड्या मारणं कमी होतं. उरतो तो आतला अस्वस्थपणा, अर्धवट टाकलेली कामं आणि वेळेचा अंदाज न येणं. बायकांमध्ये तर हे फारच झाकलं जातं. दूध रोज उतू गेलं की "वेंधळी आहे" म्हणून मोकळे होतात, दवाखान्यात कुणी आणत नाही.

आता औषधाचं. औषधाने मला फरक पडला, चांगला पडला. समोरचा पेशंट बोलत असताना मी त्याचं पूर्ण ऐकू लागलो, हे पहिल्याच महिन्यात कंपाउंडरच्या लक्षात आलं. औषधाचं नाव इथे लिहीत नाही, उद्या कुणीतरी तेच नाव घेऊन मेडिकलवर उभं राहील. ही औषधं मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात, त्यांनी नाडी आणि बीपी वाढू शकतं. ती वाईट आहेत, "सवय लागते", असं ऐकून ज्यांना लागू पडताहेत त्यांनी ती सोडून देऊ नयेत. पण गोळीने लक्ष टिकतं. कागद कुठे ठेवायचा, कुठलं काम आधी करायचं, हे गोळीला माहीत नसतं. चाळीस वर्षं जी घडीच बसली नाही, ती गोळीने आपोआप बसत नाही.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्यांसाठी एक क्रम आहे, तो मला पटतो. आधी माणसाच्या भोवतालात बदल करून पाहा, त्याने काय झालं ते तपासा, आणि तरीही मोठी अडचण राहिली तर औषध द्या. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. गोळी मिळते आणि भोवताल तसाच राहतो. माझंही तेच झालं होतं.

औषध चालू असूनही लक्षणं उरलेल्या लोकांवर २०१० साली बोस्टनला स्टीव्हन साफ्रेन यांनी एक अभ्यास केला. ८६ जण होते. निम्म्यांना बोधात्मक वर्तन-उपचार म्हणजे सीबीटी, निम्म्यांना मन-शरीर सैल करण्याचं प्रशिक्षण आणि आजाराची माहिती. सीबीटीवाल्यांना जास्त फायदा झाला. सीबीटी म्हटलं की लोकांना वाटतं, खुर्चीत बसवून मनातलं काढून घेणार. पण या उपचाराचा पहिला भाग म्हणजे चक्क एक वही आणि एक कॅलेंडर! सगळी कामं एकाच ठिकाणी लिहायची, त्यांचा क्रम लावायचा, मोठ्या कामाचे तुकडे पाडायचे. दुसरा भाग: आपण सलग किती मिनिटं बसू शकतो ते मोजायचं, तेवढेच तुकडे करायचे आणि मधे दुसरं काही आठवलं तर त्याच्या मागे न धावता कागदावर टिपून ठेवायचं. तिसरा भाग विचारांचा, "माझ्याच्याने काही होणार नाही" या जुन्या पाढ्याचा.

या विकाराचे अमेरिकेतले अभ्यासक रसेल बार्कली यांचं म्हणणंही साधारण याच अंगाने जातं: या माणसांना काय करायचं ते माहीत असतं, अडतं ते ऐनवेळी करण्यापाशी. म्हणून मदत त्या वेळी, त्याच जागेवर हवी. मला हे वाचून सुटल्यासारखं वाटलं. रिपोर्ट पाहायचा असतो हे मला एमबीबीएसला शिकवायला नको होतं, मला तर ते माहीतच होतं. अडचण संध्याकाळी सातला, विंचवाच्या पेशंटसमोर होती.

तर आम्ही दवाखान्यात काय केलं ते सांगतो. लॅबचा मुलगा आता रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवत नाही. तो कंपाउंडरच्या हातात देतो, कंपाउंडर दाराजवळच्या तारेच्या ट्रेमध्ये टाकतो, आणि ट्रे रिकामा झाल्याशिवाय शटर खाली ओढायचं नाही असं ठरलं आहे. शटर त्याच्या हातात, माझ्या नाही. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चिडलो, कारण रात्रीचे साडेनऊ झाले होते. तो काही बोलला नाही, फक्त बाकावर बसून राहिला. आता मी बसतो, सही करतो, फोन करायचे ते करतो. दहा मिनिटांचं काम असतं.

याशिवाय एक वही. व्यापारी वापरतात तसली लाल बांधणीची, सुतळीने टेबलाला बांधलेली. सुतळी थट्टा म्हणून नाही. आधीच्या तीन वह्या मी कुठेतरी ठेवून आलो आहे. चिठ्ठ्या बंद, हातावर लिहिणं बंद, फोनमधली चार ॲप्स काढून टाकली. अलार्मचं सांगायलाच नको. एका वेळी चौदा लावले होते आणि चौदाही झोपेत बंद करावेत तसे बंद करत होतो. ज्या उपायाला हलवता, विसरता, गप्प करता येतं, तो आमच्यासारख्यांना फार दिवस पुरत नाही.

आणि सोबत. रिटर्नची कागदपत्रं, विम्याचे फॉर्म असली कामं माझ्याकडून एकट्याने होत नाहीत. माझा एक शिक्षक मित्र रविवारी सकाळी त्याचे पेपर तपासायला माझ्याकडे येऊन बसतो. आम्ही बोलत नाही. तो त्याचं करतो, मी माझं. यावर पक्कं संशोधन अजून थोडंच आहे, पण ज्या गावांत सावडीने खुरपण होतं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. एकट्याला जी पात लागत नाही, ती शेजारी माणूस असला की लागते.

आता तो मोटरवाला मुलगा. वय एकतीस. दोन एकर हळद, बाकी सोयाबीन. गावात नाव उडाणटप्पू. पीकविम्याची खरिपाची मुदत बहुधा ३१ जुलैपर्यंत असते, ती त्याने लागोपाठ दोन वर्षं चुकवली. दुसऱ्या वर्षी अतिवृष्टीत सोयाबीन गेलं आणि हातात काही आलं नाही. बाप-लेकाचं तेव्हापासून बोलणं बंद. गंमत म्हणजे हळद शिजवायच्या दिवसांत हाच मुलगा रात्ररात्र भट्टीपाशी जागा असतो आणि एक कढण बिघडू देत नाही. म्हणून वडिलांना वाटायचं, मनात असलं की येतं, म्हणजे बाकीचा सगळा माजच. ते तसं नाही. समोर, आत्ता, धगधगीत असलेल्या कामावर हे मेंदू उत्तम बसतात. महिनाभराने मुदत संपणाऱ्या फॉर्मवर बसत नाहीत.

नांदेडला निदान झालं. औषध काही महिने घेतलं, मग खर्च आणि खेपा परवडेनात म्हणून सुटलं. ते सुटायला नको होतं, आणि ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून माझे प्रयत्न चालू आहेत. पण मधल्या काळात त्याने जे केलं ते मला सुचलं नसतं. मोटर सुरू केली की मोटारसायकलची किल्ली तो स्टार्टरच्या पेटीवर खिळ्याला अडकवतो. गावात जायचं तर किल्ली घ्यायला पेटीपाशी यावंच लागतं, आणि तिथे आलं की मोटर दिसते. सातबारा, आधार, पासबुक, पेऱ्याचं घोषणापत्र, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराच्या मागे. विमा भरायला तो शेजाऱ्यासोबत जातो, मुदत सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात. गेल्या खरिपाला भरला. पावती दाखवायला बापासोबत आला होता, एकाच गाडीवर.

झोप आणि व्यायामाबद्दल थोडक्यात. यातल्या बऱ्याच जणांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि कमी झोपेने दुसऱ्या दिवशीचं लक्ष आणखी पातळ होतं. मी फोन स्वयंपाकघरात ठेवून झोपतो. सकाळी रामलीला मैदानावर चाळीस मिनिटं भरभर चालतो. त्याचा परिणाम काही तासच टिकतो, पण ओपीडीचे पहिले काही तास त्यातच निघतात. तंबाखूबद्दल मात्र थांबून सांगतो. "पुडी खाल्ली की डोकं चालतं" असं जे आपल्याकडे म्हणतात, ते निकोटिनमुळे थोडा वेळ खरंही वाटतं. एडीएचडी असलेल्यांत व्यसनाचं प्रमाण जास्त असण्याचं हे एक कारण असावं. पण त्या थोड्या वेळाची किंमत तोंडाच्या कॅन्सरने मोजायची नाही.

राहिलं घर. माझ्या बायकोने वीस वर्षं माझी आठवण म्हणून नोकरी केली. वीजबिल, मुलाची फी, सासऱ्यांची औषधं. निदान झाल्यावर मी आनंदाने म्हटलं, आता तुला कारण कळलं. ती म्हणाली, "अहो, कारण कळलं, पण काम माझ्याकडेच राहिलं ना? मी तुमची बायको आहे, कंपाउंडर नाही." त्याला उत्तर नव्हतं. आता रविवारी जेवणानंतर आम्ही वीस मिनिटं वही घेऊन बसतो. आठवड्याची कामं वाटून घेतो, माझी माझ्या नावावर. मधे ती आठवण करत नाही. राहिलं तर राहिलं, दंड माझ्या खिशातून. गेल्या महिन्यात वीजबिल राहिलं होतं. तिने पाहिलं आणि काही बोलली नाही, तेव्हा मला जास्त लागलं.

हे सगळं औषधाच्या तोडीचं आहे का? संशोधन जपून बोलतं. मोठ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२५ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आला. थोड्या मुदतीत औषधांचा परिणाम सगळ्यात भरवशाचा दिसला. सीबीटीसारख्या उपायांनी तपासणाऱ्या डॉक्टरांना सुधारणा दिसली, पण रुग्णांना स्वतःला तेवढी जाणवली नाही. म्हणून "गोळी सोडा, वही धरा" असं मी कुणालाही सांगणार नाही. मी दोन्ही धरून आहे.

स्वतःबद्दल शंका असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची छोटी चाचणी आहे. तिने निदान होत नाही, पुढे जायचं की नाही एवढं कळतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात चौकशी करा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. तज्ज्ञांकडे जाताना जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर न्या, थायरॉईड आणि बी-१२ चे रिपोर्ट न्या, आणि तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं एक माणूस सोबत न्या. स्वतःच्या आठवणीवर अवलंबून राहू नका. मी राहिलो असतो, तर सायकलीची गोष्ट तिथे निघालीच नसती.